कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवताना: कार्डापासून लिंकपर्यंतचा क्रम

कार्यक्रम रविवारी रात्री संपतो. सोमवारी सकाळपासून ग्रुपवर ‘लिंक कुठंय?’ सुरू होतं, आणि मधल्या काही तासांत कोणीतरी कार्डावरून थेट यूट्यूबवर फाइल चढवून मोकळं होतं. मग एकेक गोष्ट बाहेर येते. भैरवी गायब, कारण ती दुसऱ्या कार्डावर होती. मध्यंतरात सभागृहाने लावलेल्या गाण्यामुळे कॉपीराइटचा दावा आलाय. चॅनेल माजी कार्यवाहांच्या घरच्या जीमेलवर आहे, पासवर्ड त्यांच्या मुलाकडे, आणि मुलगा परदेशात. तांत्रिक ज्ञान कमी पडल्याने असं फारसं होत नाही. क्रम चुकतो म्हणून होतं.

खालचा क्रम व्याख्यानमाला, मैफल, प्रायोगिक नाटक, नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम अशा एक-दोन कॅमेऱ्यांच्या कामासाठी आहे. उदाहरणं यूट्यूब आणि गूगल ड्राइव्हची घेतली आहेत, कारण बहुतेक छोट्या संस्था तेच वापरतात. दुसरा प्लॅटफॉर्म असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

## तयारी: कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात

खातं कोणाचं? हा प्रश्न आधी सोडवा. संस्थेच्या नावाचं स्वतंत्र खातं हवं, आणि त्यात किमान दोन माणसांना प्रवेश हवा. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘परमिशन्स’ आहे. तिथून दुसऱ्याला व्यवस्थापक किंवा संपादक करता येतं, पासवर्ड वाटत बसावा लागत नाही. कार्यालयातल्या फळ्यावर पासवर्ड लिहून ठेवणाऱ्या संस्था पुण्यात अजून आहेत. त्यांनी तो आजच पुसावा.

चॅनेलचा फोन नंबर पडताळलेला आहे का ते बघा. नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढतच नाही. पडताळणी झाली की मर्यादा १२ तास किंवा २५६ जीबी, यांतलं जे कमी असेल ते. ही पडताळणी कार्यक्रमाच्या रात्री करायला बसू नका. ज्यांच्या मोबाइलवर ओटीपी जातो, ते तेव्हा हमखास झोपलेले असतात.

परवानगी. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ३८व्या कलमाने सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतंत्र हक्क दिलेला आहे. गायकाने गायलं, तुम्ही मानधन दिलं, एवढ्यावर ते रेकॉर्डिंग जगासमोर टाकायची मुभा मिळत नाही. नाटक असेल तर लेखकाचा हक्क वेगळा. सोपा मार्ग असा: मानधनाच्या व्हाउचरवर सही घेता, त्याच वेळी अर्ध्या पानाचं परवानगीपत्र पुढे करा. कुठे टाकणार, सगळ्यांसाठी खुलं की फक्त सभासदांना, पूर्ण की काही भाग, एवढं त्यात असलं की पुरे. साथीदारांच्या सह्या विसरू नका. तबलजी आणि पेटीवाले हेही कलाकारच आहेत.

जागा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळते, आणि ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की नवी मेल येणंही थांबतं. देणगीदाराची मेल परत गेली तर त्याचं कारण ड्राइव्हमध्ये पडलेला गेल्या वर्षीचा वर्धापनदिनही असू शकतो.

कॅमेरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून कॅमेऱ्यातली व्हिडिओपद्धत ‘पाल’ (PAL), सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. एनटीएससी या दुसऱ्या पद्धतीवर, ३० फ्रेमने घेतलं तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं, आणि ते नंतर काढणं म्हणजे डोकेदुखी.

## टप्पा १: कार्ड काढा, कुलूप लावा, चिठ्ठी चिकटवा

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला छोटी सरकपट्टी असते. कॅमेऱ्यातून कार्ड काढल्या काढल्या ती ‘लॉक’कडे सरकवा. आता लॅपटॉपवरून त्या कार्डावर चुकूनही काही लिहिलं किंवा पुसलं जाणार नाही. कार्डाच्या डबीवर कागदी टेप लावून बॉलपेनने लिहा: तारीख, कॅमेरा डावा की मधला, कार्ड पहिलं की दुसरं. टिळक स्मारक रंगमंदिराच्या विंगेत अंधारात तीन कार्डं एका खिशात गेली की कुठलं भरलेलं आणि कुठलं रिकामं, हे देवच जाणे.

> थांबा: दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं काम असेल तर दुसरं कार्ड विकत घ्या. कार्ड स्वस्त आहे, मैफल परत होत नाही.

## टप्पा २: अख्खं कार्ड उतरवा

इथली नेहमीची चूक म्हणजे कार्ड उघडायचं, आत ‘मोठी दिसणारी’ फाइल शोधायची आणि तेवढीच ओढून घ्यायची. बरेच कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतात. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून दोन तासांचं व्याख्यान पाच-सहा तुकड्यांत पडलेलं असतं. गोप्रोमध्ये तर तुकड्याचा क्रमांक नावाच्या मधल्या आकड्यांत असतो, शेवटी नसतो. नावानुसार लावलं की क्रम विस्कटतो.

म्हणून कार्डावर जे आहे ते सगळं, फोल्डरांच्या रचनेसकट, एका नव्या फोल्डरमध्ये उतरवा. जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइलींसाठी हे तर फारच महत्त्वाचं. तुकडे कसे जोडायचे याची माहिती आजूबाजूच्या छोट्या फाइलींत असते आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर ती वाचतं. तुम्ही फक्त व्हिडिओ उचलले तर जोडावर आवाजात बारीक खळगा पडू शकतो. भाषणात तो खपतो, तानेच्या मध्यात खपत नाही.

प्रत करताना टेराकॉपीसारखं साधन वापरा आणि ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा. ते दोन्ही बाजूंच्या फाइली पुन्हा वाचून ताडून बघतं. वेळ जवळपास दुप्पट जातो, जाऊ द्या. मग तीच प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर.

> तपासा: कार्डावरच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्ही प्रतींशी जुळतो का? सगळ्या कार्डांचं झालं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: नाव द्या

मूळ फाइलींची नावं बदलू नका. नाव फोल्डरला द्या आणि पुढे तयार होणाऱ्या एकसंध प्रतीला द्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कार्यक्रम, मग कॅमेरा. वर्ष पुढे असलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. ‘१८ जानेवारी’ असं लिहिलंत तर सगळ्या वर्षांचे अठरा तारखेचे कार्यक्रम एकत्र येऊन बसतात.

फाइलच्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच ठेवा. देवनागरी नावं आज बहुतेक ठिकाणी चालतात, पण जुना टीव्ही, जुनं एडिटिंग सॉफ्टवेअर किंवा झिप फाइल यांतून गेली की कधी कधी चौकोन होऊन बाहेर पडतात. मराठी नाव जिथे लोक वाचणार तिथे द्या, म्हणजे शीर्षकात.

## टप्पा ४: जोडा, छाटा

तुकडे जोडायला आणि पुढचं-मागचं छाटायला लॉसलेसकटसारखं मोफत साधन पुरतं. ते व्हिडिओ पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे नव्याने दाबून लिहीत नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि काम काही मिनिटांत होतं. मात्र काप नेमक्या फ्रेमवर न पडता जवळच्या की-फ्रेमवर (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर) पडतो, म्हणून दोन-चार सेकंद सैल ठेवा.

काय काढायचं? सुरुवातीचं खुर्च्यांचं सरकणं, माइकचं ‘हॅलो, हॅलो, येतोय का आवाज’, आणि मध्यंतर पूर्ण. मध्यंतरात सभागृह रेकॉर्डेड गाणी लावतं. यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि मग दावा अख्ख्या व्हिडिओवर येतो. मागच्या बाजूला चहाची ऑर्डर देताना झालेलं दोघांचं खासगी बोलणंही कॅमेऱ्याच्या माइकने टिपलेलं असतं. तेही यात जातं, हा फायदा वेगळाच.

## टप्पा ५: बघण्याची प्रत तयार करा

इथे थोडं गणित करू, कारण सगळं वेळापत्रक यावर चालतं.

चांगला कॅमेरा फुल एचडीला ५० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट दराने लिहितो. दोन तास म्हणजे ७२०० सेकंद. ५० गुणिले ७२०० म्हणजे ३,६०,००० मेगाबिट. आठने भागा: ४५,००० मेगाबाइट, म्हणजे साधारण ४५ जीबी. तुमच्या वायफायचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर चढायला १८,००० सेकंद लागतील, म्हणजे पाच तास, तेही वेग एकसारखा राहिला तर. हीच फाइल १० एमबीपीएसला आणली की ती ९ जीबी होते आणि एका तासात चढते.

वेग बघताना अपलोडचा आकडा बघा. ‘आमचा १०० चा प्लॅन आहे’ असं म्हणणारे बहुधा डाउनलोडबद्दल बोलत असतात. मोबाइल हॉटस्पॉटवर तर दोन आकड्यांत फारच तफावत असते.

यूट्यूबची स्वतःची शिफारस फुल एचडी, २४ ते ३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस आहे. ५० किंवा ६० फ्रेमसाठी १२. त्याच्या खाली जाऊ नका. यूट्यूब ती फाइल पुन्हा दाबणारच आहे, म्हणजे आकाराने लहान करणारच आहे. आधीच दाबलेलं आणखी दाबलं की रंगमंचावरच्या काळ्या पडद्यात चौकोन नाचायला लागतात. थोडं वर राहिलेलं बरं.

व्हिडिओ लहान करायला हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एवढं लावा: प्रकार एमपी४, व्हिडिओ एच २६४, फ्रेमचा दर ‘कॉन्स्टंट’, ‘वेब ऑप्टिमाइज्ड’वर खूण, आवाज एएसी. व्याख्यानाला आवाज १९२ केबीपीएस पुरतो, गाण्याला ३८४ ठेवा. स्टिरिओसाठी यूट्यूबही तोच आकडा सुचवतं.

‘कॉन्स्टंट’ का? फोनवर घेतलेल्या व्हिडिओचा फ्रेमदर कमीजास्त होत असतो. तो तसाच एडिटिंगमध्ये घेतला तर पहिल्या दहा मिनिटांत काही कळत नाही, तासाभराने मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तबल्याच्या कार्यक्रमात हे असह्य होतं.

> तपासा: तयार प्रत व्हीएलसीमध्ये उघडा. पहिली दोन मिनिटं, बरोबर मधली दोन आणि शेवटची पाच पाहा, हेडफोन लावून. मैफल असेल तर भैरवी पूर्ण आहे? व्याख्यान असेल तर आभार संपलेत? नाटक असेल तर सगळे नमस्काराला आलेत? तुकड्यांच्या प्रत्येक जोडावर दहा सेकंद थांबा. यूट्यूबवर चढलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. नवी चढवली की नवी लिंक, जुने व्ह्यूज आणि अभिप्राय गेले. व्हिमिओवर तीच लिंक ठेवून फाइल बदलायची सोय आहे. तरी तपासणी टाळू नका.

## टप्पा ६: चढवा

लॅपटॉप चार्जरवर, झोपेची सेटिंग बंद, शक्य असेल तर लॅनची वायर. झाकण लावलंत की बहुतेक लॅपटॉप झोपतात आणि अपलोड तिथेच थांबतं. रात्री अकरानंतर लावा. गुरुवारी सकाळी लावू नका; पुण्यात महावितरणची देखभाल-दुरुस्ती बहुधा गुरुवारी निघते, आणि इन्व्हर्टरवर राउटर नसेल तर सगळं खोळंबतं.

दृश्यता, म्हणजे व्हिडिओ कोणाला दिसणार, हे विचारतील तेव्हा प्रायव्हेट निवडा, नेहमी. खुलं करायचं ते शेवटी.

ड्राइव्हवर मोठी फाइल टाकायची असेल तर ब्राउझरपेक्षा ड्राइव्हचं डेस्कटॉप अ‍ॅप बरं. नेट गेलं आणि आलं तरी ते स्वतःहून पुढे चालू करतं. पण एक सापळा लक्षात ठेवा.

> थांबा: डेस्कटॉपवरचा ड्राइव्हचा फोल्डर क्लाउडशी बांधलेला असतो. ‘लॅपटॉप भरला’ म्हणून त्यातली फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही जाते. कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची संपते. लॅपटॉपवरची जागा मोकळी करायची तर त्या फाइलवर ‘ऑनलाइन ओन्ली’ करा, डिलीट नको.

## टप्पा ७: माहिती भरा

शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोबाइलच्या यादीत त्यातली थोडीच दिसतात. आपल्याकडची शीर्षकं ‘कै. अमुक स्मृतिप्रीत्यर्थ आयोजित तमुक व्याख्यानमाला, रौप्यमहोत्सवी वर्ष, पुष्प तिसरे’ अशी सुरू होतात, आणि वक्ता कोण हे येईपर्यंत पडदा संपतो. आधी वक्ता किंवा कलाकार, मग विषय किंवा राग, मग संस्था आणि वर्ष. कै. अमुकांचा मान वर्णनाच्या पहिल्या ओळीत राखा. विश्वस्तांना हे पटवणं हा या लेखातला सगळ्यात अवघड टप्पा आहे, हे मान्य.

लांब कार्यक्रमाला वर्णनात वेळा द्या म्हणजे प्रकरणं तयार होतात. पहिली वेळ शून्य मिनिट शून्य सेकंदच हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांत टाका, पुढे नाव मराठीत. ‘विलंबित’, ‘द्रुत’, ‘नाट्यपद’ अशी प्रकरणं असली की लोक शोधून ऐकतात.

मराठी उपशीर्षकं देणार असाल तर फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून जतन केलेली हवी. नेहमीच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणली आणि त्याने ती श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केली, तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग येते. टाइप करायला देतानाच ‘युनिकोड’ म्हणून सांगा.

मुलांच्या कार्यक्रमाला ‘मुलांसाठी बनवलेला’ ही खूण करायची की नाही, यावर गोंधळ होतो. खूण विचारते ती प्रेक्षक कोण याबद्दल. पडद्यावर मुलं आहेत म्हणून व्हिडिओ मुलांसाठीचा ठरत नाही. नृत्यवर्गाच्या मुलामुलींचे व्हिडिओ मात्र पालकांच्या लेखी होकाराशिवाय खुले करूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ८: थांबा, मग लिंक द्या

अपलोड पूर्ण झालं की यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, एचडी नंतर येते, फोर-के त्याहून उशिरा. याच मधल्या वेळात लिंक ग्रुपवर गेली की ‘अहो, धूसर दिसतंय, कॅमेरा कुठला होता?’ अशी विचारणा सुरू होते. कॅमेरा चांगलाच होता. स्टुडिओत एचडीची खूण येईपर्यंत थांबा, ‘चेक्स’मध्ये कॉपीराइटचं काही आलंय का बघा, मग दृश्यता बदला.

कुठली दृश्यता? प्रायव्हेट म्हणजे तुम्ही ज्यांचे मेल पत्ते दिलेत तेवढेच, आणि तेही लॉगिन करून. अनलिस्टेड म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे तो प्रत्येक जण. शोधात येत नाही, पण एकाने दुसऱ्या ग्रुपवर ढकलली की सुटली. अनलिस्टेड व्हिडिओ खुल्या प्लेलिस्टमध्ये टाकला तर तिथून कोणालाही दिसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फक्त सभासदांसाठी म्हणून कलाकाराला शब्द दिला असेल तर अनलिस्टेड म्हणजे तो शब्द पाळणं नव्हे.

ड्राइव्हची लिंक देताना भूमिका ‘व्ह्यूअर’ ठेवा. ‘एडिटर’ दिलीत तर कोणीतरी प्रेमाने फाइलचं नाव बदलून ठेवेल, किंवा फोल्डरमधून बाहेर काढेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. अगदीच द्यायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या, २ जीबीपर्यंत जातो.

## टप्पा ९: मूळ प्रत कुठे ठेवली ते लिहा

यूट्यूबवर आहे म्हणजे जपलेलं आहे, हा समज सोडा. स्टुडिओतून व्हिडिओ परत उतरवायला गेलात तर बहुधा ७२०पी मिळतो. पुढे कधी स्मरणिकेसोबत चित्रफीत करायची झाली, वृत्तवाहिनीने चांगला तुकडा मागितला, तर त्या प्रतीचं काही होत नाही.

मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. एक सदाशिव पेठेत कार्यालयात असेल तर दुसरी कोथरूडला कोणाकडे तरी, आणि शक्यतो तळमजल्यावर नको. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांनाही ते चुकलं नाही. सहा महिन्यांनी एकदा डिस्क जोडून चार-दोन फाइली चालवून बघा. बंद कपाटात ठेवलेली डिस्क चालू आहे असं धरून चालू नका.

एक साधा तक्ता करा: तारीख, कार्यक्रम, फोल्डरचं नाव, पहिली डिस्क, दुसरी डिस्क, लिंक, दृश्यता, परवानगीपत्र आहे की नाही. शेवटचा रकाना रिकामा असेल तो व्हिडिओ प्रायव्हेटच राहू द्या.

## टप्पा १०: कार्यकारिणी बदलते तेव्हा

ड्राइव्हवरची फाइल ज्याने चढवली त्याच्या मालकीची असते, फोल्डर कोणाचाही असो. त्याने खातं बंद केलं की ती फाइल गेली. गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खातीही काढून टाकू शकतं. संस्थेकडे गूगलचं वर्कस्पेस (संस्थांसाठीचं खातं) असेल आणि त्यात ‘शेअर्ड ड्राइव्ह’ची सोय असेल तर सगळं तिथे ठेवा. तिथे मालकी संस्थेची राहते. नसेल तर निदान सगळी अपलोड संस्थेच्याच खात्यातून व्हावीत.

चॅनेल ब्रँड अकाउंटवर (एका माणसाच्या जीमेलऐवजी अनेकांना मिळून सांभाळता येणाऱ्या खात्यावर) असेल तर नव्या माणसाला आधी ‘मालक’ म्हणून जोडावं लागतं, आणि किमान ७ दिवस गेल्यावरच त्याला ‘प्राथमिक मालक’ करता येतं. म्हणून हे काम वार्षिक सभेच्या दहा-बारा दिवस आधी सुरू करा. जुन्या कार्यवाहांचा प्रवेश नव्यांनी स्वतःच्या फोनवरून एक चाचणी व्हिडिओ चढवून दाखवल्यावरच काढा.